मधुमेह, शुक्राणू आणि वनस्पतींचे अर्क: कॅप्सूल सुरू करण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: वय ३५, वजन ७५ किलो, पाच वर्षांपासून टाइप २ मधुमेह, मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी चालू, एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) ८.९ टक्के. दोन वर्षांपासून मूल हवं आहे, पण गर्भ राहत नाही. वीर्यतपासणीत वीर्याचं प्रमाण १.१ मिली, शुक्राणूंची संख्या मिलीला १ कोटी २० लाख, नीट पुढे सरकणारे शुक्राणू १८ टक्के. कुणीतरी अश्वगंधा, मेथी, कारलं, कडुनिंब आणि खाजकुयली या पाच वनस्पतींच्या अर्कांची मिश्र कॅप्सूल सुचवली आहे. रोज दोन, म्हणजे एकूण १ ग्रॅम अर्क. सोबत 'मधुमेही उंदरांवर सिद्ध' असे काही शोधनिबंध जोडले आहेत. ही कॅप्सूल घ्यावी का, आणि घेतली तर मेटफॉर्मिन बंद करता येईल का?

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देतो, कारण त्यात वेळ घालवण्यासारखं काही नाही. मेटफॉर्मिन बंद करू नका. ८.९ एचबीएवनसी असताना गोळी थांबवली तर साखर आणखी चढेल, आणि शुक्राणूंना जो त्रास आज होतोय तो वाढेल. काही जण मेटफॉर्मिनला घाबरतात त्याला एक कारण आहे. २०२२ मध्ये डेन्मार्कमधल्या नोंदींवरून एक अभ्यास आला. गर्भधारणेच्या आधीच्या तीन महिन्यांत वडील मेटफॉर्मिन घेत असतील तर मुलग्यांमध्ये जननेंद्रियांचे जन्मजात दोष थोडे जास्त दिसतात, असं त्यात म्हटलं होतं. बातमी सगळीकडे पसरली. नंतर नॉर्वे आणि तैवान इथल्या मोठ्या नोंदी तपासल्या गेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात हा धोका दिसला नाही. त्याची बातमी मात्र फारशी कुणापर्यंत पोचली नाही. आणि 'रासायनिक गोळी सोडून वनस्पतीकडे' असा विचार असेल तर मेटफॉर्मिनचं मूळही वनस्पतीतच आहे. गॅलेगा नावाच्या झुडपातल्या साखर कमी करणाऱ्या द्रव्यापासून हा धागा सुरू झाला. मूळ द्रव्य विषारी होतं, म्हणून त्याच्याशी नातं असलेली सुरक्षित संयुगं शोधली गेली आणि १९५७ मध्ये मेटफॉर्मिनचा माणसांवरचा वापर प्रसिद्ध झाला. म्हणजे वनस्पतीचं औषध तुम्ही पाच वर्षं घेतच आहात, फक्त त्याची मात्रा आणि परिणाम मोजलेले आहेत.

आता कॅप्सूलकडे येण्याआधी तुमच्या अहवालाबद्दल बोलू. सगळ्यांचं लक्ष संख्येकडे जातं. मला पहिल्यांदा खटकला तो १.१ मिली हा आकडा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या आवृत्तीप्रमाणे वीर्याच्या प्रमाणाची खालची मर्यादा १.४ मिली आहे, संख्येची मिलीला १ कोटी ६० लाख, आणि पुढे सरकणाऱ्या शुक्राणूंची ३० टक्के. तुमचे तिन्ही आकडे खाली आहेत, पण मधुमेही माणसात वीर्यच कमी भरत असेल तर एक गोष्ट तपासल्याशिवाय पुढे जाता येत नाही. वीर्य बाहेर पडण्याऐवजी उलटं मूत्राशयात जातंय का?

वीर्यपतनाच्या वेळी मूत्राशयाचं तोंड घट्ट मिटतं आणि वीर्याला पुढचा रस्ता मिळतो. ते तोंड मिटवण्याचं काम स्वायत्त मज्जातंतूंचं. दीर्घकाळ चढलेली साखर याच तंतूंना इजा करते. मग तोंड अर्धवट उघडं राहतं आणि वीर्याचा काही भाग, कधी सगळंच, मागे जातं. संवेदना जवळजवळ तशीच राहते, त्यामुळे माणसाला पत्ता लागत नाही. नंतरची लघवी गढूळ दिसते, एवढंच कधीकधी लक्षात येतं. तपासणी अगदी साधी आहे: वीर्यपतनानंतर लगेच केलेली लघवी सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची. तिच्यात शुक्राणू भरपूर सापडले तर निदान झालं. अर्थात नमुना देताना थोडं सांडलं असेल, किंवा आधी पुरेसे दिवस गेले नसतील, तरीही प्रमाण कमी येतं. म्हणून दोन ते सात दिवस संयम पाळून तपासणी पुन्हा करा, आणि त्याच दिवशी लघवीही द्या. प्रोस्टेटसाठी किंवा लघवीच्या तक्रारीसाठी टॅमसुलोसिन, सिलोडोसिन यांसारखी गोळी चालू असेल तर तेही सांगा, कारण त्यांनीही हेच होतं.

हा बिघाड निघाला तर कुठल्याही वनस्पतीचा अर्क ते तोंड मिटवणार नाही. स्यूडोएफेड्रिन किंवा इमिप्रामिन यांसारख्या गोळ्यांनी काहींमध्ये वीर्य पुन्हा पुढून येऊ लागतं. रक्तदाब आणि हृदय तपासूनच त्या देतात. त्यांनी जमलं नाही तर सोडिअम बायकार्बोनेट देऊन लघवीची आम्लता कमी करतात, तिच्यातले शुक्राणू वेगळे काढतात आणि ते गर्भाशयात सोडण्यासाठी किंवा प्रयोगशाळेत फलन करण्यासाठी वापरतात. इतका सरळ मार्ग समोर असताना वर्षभर कॅप्सूल घेत बसलेले रुग्ण पाहिले की वाईट वाटतं.

मधुमेहाचा फटका बसणारी दुसरी जागा संप्रेरकांची. टाइप २ मधुमेह असलेल्या पुरुषांत साधारण चारांत किंवा तिघांत एकाचं टेस्टोस्टेरॉन कमी असतं, आणि बहुतेकदा दोष वृषणात नसून वरून, मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीकडून येणाऱ्या आदेशात असतो. पोटाभोवतीची चरबी त्यात भर घालते. सकाळी रक्त देऊन टेस्टोस्टेरॉन आणि पिट्युटरीतून येणारी एलएच, एफएसएच व प्रोलॅक्टिन ही संप्रेरकं तपासा. इन्सुलिनला दाद न देणाऱ्या शरीरात टेस्टोस्टेरॉन वाहून नेणारं प्रथिन कमी होतं, म्हणून एकूण आकडा खोटा कमी दिसू शकतो. मुक्त टेस्टोस्टेरॉनचा हिशोब करून घ्यावा. एक इशारा इथेच देतो: आकडा कमी आला म्हणून कुणी टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन किंवा जेल सुचवलं तर मूल होईपर्यंत ते घेऊ नका. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळालं की पिट्युटरीचे आदेश थांबतात आणि शुक्राणूंची निर्मिती जवळजवळ बंद पडते. गरज पडलीच तर निर्मिती चालू ठेवून टेस्टोस्टेरॉन वाढवणारे दुसरे उपाय आहेत.

तिसरी जागा शुक्राणू स्वतः. अर्कांचा सगळा दावा इथेच असतो, म्हणून इथे जरा थांबतो.

साखर चढलेली राहिली की पेशींमध्ये ऑक्सिजनचे आक्रमक रेणू जास्त तयार होतात. शुक्राणूच्या पटलात सहज खराब होणारी असंतृप्त मेदाम्लं भरपूर असतात आणि स्वतःचं संरक्षण करणारी विकरं अगदी थोडी, कारण पक्व होताना त्याने जवळजवळ सगळा पेशीद्रव टाकून दिलेला असतो. त्यामुळे पटल खराब होतं, हालचाल मंदावते, आणि डीएनएचे तुकडे पडतात. बेलफास्टमधल्या संशोधकांनी २००७ मध्ये इन्सुलिनवर असलेल्या मधुमेही पुरुषांचं वीर्य तपासलं. संख्या, हालचाल, आकार यांत निरोगी पुरुषांच्या तुलनेत म्हणावा असा फरक नव्हता, फक्त प्रमाण कमी होतं. पण डीएनएचं तुटलेपण ५३ टक्के होतं, तुलनेच्या गटात ३२. म्हणजे नेहमीचा अहवाल चांगला आला तरी आत नुकसान असू शकतं.

मग ऑक्सिडीकरण रोखणारा वनस्पतीचा अर्क द्यावा, हा विचार स्वाभाविक आहे. तो चुकीचा नाही. अडचण पुराव्याची आहे.

तुम्ही पाठवलेले शोधनिबंध मी वाचले आणि अशा प्रकारचे आधीही खूप वाचले आहेत. त्यांचा साचा ठरलेला असतो. निरोगी उंदराला (मोठ्या जातीच्या, म्हणजे रॅटला) स्ट्रेप्टोझोटोसिनचं इंजेक्शन देतात. हे द्रव्य इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारतं, आणि काही दिवसांत साखर प्रचंड चढते. उंदीर वाळतो, त्याचं वृषण लहान होतं, शुक्राणू घटतात. मग एका गटाला किलोमागे २०० ते ४०० मिलिग्रॅम अर्क चार ते आठ आठवडे पाजतात. शेवटी वृषणाचे काप, शुक्राणूंची संख्या, ऑक्सिडीकरणाच्या खुणा मोजतात. अर्काच्या गटात सगळं सुधारलेलं दिसतं.

पण त्याच तक्त्यात साखरेचा रकाना बघा. अर्क दिलेल्या उंदरांची साखरही खाली आलेली असते. मग वृषण सुधारलं ते अर्कातल्या एखाद्या द्रव्याने की साखर उतरल्यामुळे? अशा उंदरांना नुसतं इन्सुलिन दिलं तरी वृषण सुधारतं. कित्येक निबंधांत तुलनेसाठी मेटफॉर्मिन किंवा ग्लिबेनक्लामाइड या मधुमेहाच्या गोळीचा गट असतो, आणि तोही अर्काच्या गटाइतकाच सुधारलेला असतो. निष्कर्षात मात्र त्या गटाबद्दल एखादंच वाक्य येतं. साखर सारखीच ठेवून फक्त अर्काचा वेगळा फायदा दाखवणारा प्रयोग हवा, आणि नेमका तोच क्वचित केला जातो. शिवाय हा उंदीर म्हणजे अचानक इन्सुलिन संपलेला प्राणी. तुमचा आजार वर्षानुवर्षं हळूहळू वाढणारा, इन्सुलिन असूनही ते नीट न चालणारा. उंदरात शुक्राणू तयार व्हायला सुमारे ५२ दिवस लागतात, तेव्हा २८ दिवसांच्या प्रयोगात तर एक पूर्ण फेरीही पाहिलेली नसते.

मात्रेचंही गणित करून बघू. उंदराची मात्रा माणसासाठी बदलताना शरीराच्या पृष्ठभागाचा हिशोब धरून तिला साधारण ६.२ ने भागतात. किलोमागे ४०० मिलिग्रॅम म्हणजे माणसात किलोमागे ६५ च्या आसपास, तुमच्या वजनाला रोज जवळजवळ ५ ग्रॅम अर्क, तोही एकाच वनस्पतीचा. तुमच्या कॅप्सूलमध्ये पाचांचे मिळून १ ग्रॅम आहेत. उंदरांवरचा निकाल या कॅप्सूलला लावायचा तर मात्राच जुळत नाही.

माणसांवरचे अभ्यास अजिबात नाहीत असं नाही. अश्वगंधेच्या मुळाच्या अर्काचा २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास नेहमी पुढे केला जातो. संख्या कमी असलेले ४६ पुरुष, त्यांतल्या २१ जणांना रोज ६७५ मिलिग्रॅम अर्क, ९० दिवस, आणि संख्येत १६७ टक्के वाढ. खाजकुयलीच्या बियांची पूड रोज ५ ग्रॅम, तीन महिने, असं लखनौच्या संशोधकांनी वंध्यत्व असलेल्या पुरुषांना देऊन पाहिलं. तिच्यातलं एल-डोपा हे द्रव्य प्रोलॅक्टिन कमी करतं, त्यामुळे संप्रेरकांवर परिणाम होणं समजण्यासारखं आहे. कलौंजीचं तेल रोज ५ मिली, दोन महिने, असा ६८ पुरुषांवरचा इराणी अभ्यास २०१४ चा. तिन्हींत वीर्याचे आकडे सुधारले. हे अभ्यास छोटे आहेत आणि मधुमेही पुरुषांसाठी आखलेले नव्हते. त्यांनी मुख्यतः वीर्य मोजलं, घरात आलेली मुलं नाही. गोखरूने टेस्टोस्टेरॉन वाढतं हा दावा तर माणसांवरच्या चाचण्यांत टिकलेलाच नाही.

वीर्याचे आकडे आणि मूल यांत किती अंतर असतं ते मोठ्या चाचण्यांनी दाखवलं. २०२० मध्ये अमेरिकेतल्या दोन चाचण्यांचे निकाल आले. एकीत १७१ जोडप्यांतल्या पुरुषांना जीवनसत्त्वं आणि ऑक्सिडीकरण रोखणारी इतर द्रव्यं दिली. हालचाल, डीएनए, काहीच सुधारलं नाही. दुसरीत २,३७० जोडपी होती, पुरुषांना फोलिक ॲसिड आणि झिंक. मूल होण्याचं प्रमाण ३४ टक्के, निष्क्रिय गोळीच्या गटात ३५. आणि डीएनएचं तुटलेपण पूरक गोळ्या घेणाऱ्यांत थोडं जास्तच निघालं. या चाचण्या वनस्पतींच्या नव्हत्या, पण 'ऑक्सिडीकरण रोखा म्हणजे मूल होईल' हीच त्यांचीही कल्पना होती. शुक्राणूला अंड्यात शिरण्याची तयारी करायला त्याच आक्रमक रेणूंची थोडी गरज असते, हेही इथे विसरता येत नाही.

आता तुमच्या कॅप्सूलमधलं जे मला सर्वांत खटकतं त्याकडे येतो. पाचांपैकी दोन वनस्पती शुक्राणूंच्या विरोधात जाऊ शकतात. साखर कमी करते म्हणून प्रसिद्ध असलेली वनस्पती प्रजननाला पूरकच असेल, हे गृहीतच चुकीचं आहे. कारल्याच्या फळाचा अर्क १९७८ मध्ये कुत्र्यांना ६० दिवसांपर्यंत दिला तेव्हा वृषणातल्या शुक्राणू बनवणाऱ्या पेशी नष्ट झालेल्या आढळल्या. मधुमेही उंदरांच्या प्रयोगांत तेच कारलं फायद्याचं ठरलेलं दिसेल. दोन्ही निकाल खरे असू शकतात, मात्रा आणि प्राणी वेगळे आहेत. कडुनिंबाचा अभ्यास तर गर्भनिरोधक म्हणूनच झाला आहे, त्याचं तेल शुक्राणू मारतं. मेथी मी या दोघांच्या पंक्तीला बसवणार नाही, पण सशांच्या खाद्यात ३० टक्के मेथीदाणे घातले तेव्हा नरांचं टेस्टोस्टेरॉन आणि शुक्राणू घटले होते. अन्नात मेथी किंवा कारलं खाण्याला माझी हरकत नाही. अर्क म्हणजे अन्न नव्हे, काही ग्रॅममध्ये मूठभर वनस्पती आटवलेली असते.

पपईच्या बियांचा 'साखरेवर गुणकारी' म्हणून अर्क घेणाऱ्यांनी हेही वाचावं: जयपूरमध्ये लंगूर माकडांना त्या बियांचा क्लोरोफॉर्ममध्ये काढलेला अर्क वर्षभर दिला तेव्हा वीर्यातले शुक्राणू नाहीसे झाले, आणि अर्क थांबवल्यावर परतले. सरकीतलं गॉसिपॉल याहून वाईट. १९७० च्या दशकात चीनमध्ये ८ हजारांहून अधिक पुरुषांवर ते गर्भनिरोधक म्हणून वापरून पाहिलं. काहींच्या रक्तातलं पोटॅशिअम घसरलं आणि काहींचे शुक्राणू कधीच परत आले नाहीत.

तुम्हाला सुचवलेली विशिष्ट कॅप्सूल मी पाहिलेली नाही, त्यामुळे तिच्याबद्दल काही म्हणत नाही. पण 'पुरुषशक्ती' आणि 'साखर' या दोन्ही नावांनी विकल्या जाणाऱ्या वनौषधींत भेसळ फार. २००८ च्या पहिल्या पाच महिन्यांत सिंगापूरच्या रुग्णालयांत मधुमेह नसलेले १५० जण साखर धोकादायकरीत्या घसरून दाखल झाले. लैंगिक ताकदीच्या बेकायदा औषधांत ग्लिबेनक्लामाइड ही मधुमेहाची गोळी मिसळलेली होती. सात जण दीर्घकाळ बेशुद्ध राहिले, त्यांपैकी चौघांचा मृत्यू झाला. सिल्डेनाफिल हे ताठरतेचं औषध लपवून मिसळलेली उत्पादनं तर पुन्हा पुन्हा सापडतात. हृदयासाठी नायट्रेट घेणाऱ्याला ती जिवावर बेतू शकतात. २००८ मध्येच इंटरनेटवरून विकत घेतलेली १९३ आयुर्वेदिक उत्पादनं अमेरिकेत तपासली गेली, पाचांतल्या एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक होतं. शिसं शुक्राणूंना थेट मारक आहे. त्यामुळे तुकडीनिहाय जड धातूंचा अहवाल न देणाऱ्या कंपनीचं काहीही तोंडात घालू नका.

तर करायचं काय? सगळ्यात जास्त फळ देणारा उपाय साखर खाली आणणं हाच आहे, आणि तुमच्या बाबतीत तिथे भरपूर वाव आहे. ८.९ वरून ७ च्या खाली येण्यासाठी नुसतं मेटफॉर्मिन पुरत नसेल तर डॉक्टरांकडून दुसरं औषध जोडून घ्या, इन्सुलिन लागलं तरी घाबरू नका. पोटाचा घेर कमी करा, तंबाखू असेल तर सोडा. घोरणं आणि दिवसा झोप येणं असेल तर झोपेत श्वास अडतो का ते तपासा, त्यानेही टेस्टोस्टेरॉन घसरतं. वृषणाजवळच्या शिरा फुगल्या आहेत का हे डॉक्टरांना हाताने तपासू द्या. ताठरतेचा त्रास होत असेल तर संकोच न करता सांगा. मधुमेहात तो फार जणांना असतो, त्यावर चांगली औषधं आहेत, आणि तो हृदयविकाराची आगाऊ सूचनाही असू शकतो.

माणसात शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात, पुढे वाहिनीतून पक्व होऊन यायला आणखी आठवडा-दोन आठवडे. साखर आज सुधारली तर तिचा खरा परिणाम तीन महिन्यांनंतरच्या नमुन्यात दिसेल. त्याआधी दर पंधरा दिवसांनी वीर्य तपासून उगाच धास्ती घेऊ नका. आणखी एक लक्षात ठेवा: संख्या कमी आली म्हणून निवडलेल्या माणसाची दुसरी तपासणी काहीही न करता बरेचदा वर जाते, कारण हा आकडा मुळातच खूप हलता असतो. त्या वेळी कॅप्सूल चालू असली तर श्रेय तिला मिळतं.

हे सगळं सुरू केल्यावरही एखादी वनस्पती घ्यायचीच असेल तर मिश्रण नको, एकच घ्या. त्यातल्या त्यात पुरावा बरा आहे तो अश्वगंधेच्या मुळाच्या अर्काचा, तीन महिन्यांपुरता. थायरॉइडचा किंवा यकृताचा आजार असेल तर तीही नको. तिने थायरॉइडची संप्रेरकं वाढू शकतात आणि यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. डेन्मार्कने २०२३ मध्ये तिच्यावर बंदी घातली आहे. सुरू करण्याआधी आणि महिन्याभराने यकृताची तपासणी करा. कावीळ, खाज, गडद लघवी यांपैकी काही दिसलं तर लगेच थांबवा. पुढे ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन जोडलं गेलं तर अर्काने साखर जास्त घसरू शकते, म्हणून घरी ग्लुकोमीटरवर मोजत राहा आणि मधुमेहाच्या डॉक्टरांपासून हे लपवू नका. खाजकुयली मात्र पार्किन्सनची, मानसिक आजाराची किंवा रक्तदाबाची औषधं चालू असलेल्यांनी स्वतःहून घेऊ नये.

तुम्ही पत्नीचं वय लिहिलेलं नाही आणि त्यांच्या तपासण्या झाल्या का तेही नाही. त्या ३५ च्या पुढे असतील तर साखर सुधारण्याची वाट पाहत तीन महिने घालवू नका. त्यांच्या तपासण्या, तुमची वीर्यपतनानंतरची लघवी आणि साखरेचं काम एकाच आठवड्यात सुरू करा. दुसऱ्या तपासणीतही प्रमाण १.४ मिलीच्या खाली आलं, तर लघवीचा निकाल हातात घेऊन पुरुष वंध्यत्व पाहणाऱ्या यूरॉलॉजिस्टकडे जा. डीएनएच्या तुटलेपणाची तपासणी त्यांच्या सल्ल्यानेच ठरवा. ती सगळ्यांनाच लागते असं नाही. पण गर्भ राहून पुन्हा पुन्हा पडला असेल किंवा प्रयोगशाळेतलं फलन फसलं असेल तर ती करून घ्या.